माणिक विकताना गप्प राहावं का?

प्रश्न : जयपूरच्या जोहरी बाजारात विक्रेता आहे. रविवारी चर्च चुकवत नाही. पण मालक काच भरलेलं माणिक अस्सल म्हणून विकायला लावतात. मी देवाशी बेइमान ठरतो का?

उत्तर : हो, आणि रविवारच्या हजेरीनं त्याची भरपाई होत नाही. भिंगाखाली काचेतले बुडबुडे, निळसर झाक तुम्हाला दिसते, गिऱ्हाईकाला नाही. साधा लिंबाचा रसही ती काच खातो. बायबलमधला दानीएल राजाचा अधिकारी होता. त्याच्या कारभारात वैऱ्यांना खोट सापडेना, मगच त्यांनी त्याच्या प्रार्थनेवर बोट ठेवलं. कामातली सचोटी त्याच्या भक्तीचाच भाग होती. बिलावर ‘काच भरलेले’ लिहू द्या, असं मालकांना एकांतात सांगा. ऐकलं नाही तर दुसरी नोकरी शोधा. तोवर निदान तुमच्या तोंडून ‘अस्सल’ म्हणू नका.