घरासाठी वेगवान ब्रॉडबँड : निवड आणि मोजमाप

१. जुनी पेठ, नवी गरज

बंगळुरू शहराच्या मध्यभागी असलेली चिकपेट ही दक्षिण भारतातील एक प्रसिद्ध व्यापारी पेठ होय. कन्नड भाषेत ‘चिक्क’ म्हणजे लहान व ‘दोड्ड’ म्हणजे मोठे. १५३७ च्या सुमारास केंपेगौडाने वसविलेल्या नगरात या दोन नावांचे रस्ते एकमेकांस मिळत असत. त्यांपैकी दोड्डपेट आज अव्हेन्यू रोड या नावाने ओळखली जाते. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने हे नगर जिंकले व त्याची जहागीर शहाजीराजे भोसले यांजकडे आली. मराठी भाषेचा या शहराशी असलेला संबंध त्या काळाइतका जुना आहे.

चिकपेटेचे गल्लीबोळ आजही अरुंद आहेत. खाली साड्यांचे दुकान आणि वर बिऱ्हाड, अशी व्यवस्था जुन्या पेठांतून पुष्कळ ठिकाणी आढळते. अशाच एका घराची कल्पना करावी. दुकानातून परगावच्या गिऱ्हाइकांना साड्यांची छायाचित्रे पाठविली जातात. पैशाची देवघेव इंटरनेटवरून होते. वरच्या मजल्यावर एक विद्यार्थिनी दूरस्थ वर्गात बसते. रात्री घरातील मंडळी चित्रपट पाहतात. विद्यार्थिनीचा वर्ग वारंवार खंडित होऊ लागला म्हणजे घरात एकच उपाय सुचतो : अधिक वेगाची जोडणी घ्यावी. परंतु अधिक वेगाचे पैसे भरूनही वर्ग खंडितच होत राहिला, तर दोष कोठे आहे असे समजावे? या प्रश्नाचे उत्तर शास्त्रीय रीतीने कसे शोधावे, हे या पाठात पाहावयाचे आहे.

२. वेग म्हणजे काय?

इंटरनेटवरील सर्व मजकूर, चित्रे व आवाज शून्य आणि एक या दोनच चिन्हांच्या मालिकांत रूपांतरित केलेले असतात. अशा एका चिन्हास बिट म्हणतात. एका सेकंदात किती बिट वाहून नेले जातात, त्यावरून जोडणीचा वेग ठरतो. दहा लक्ष बिट म्हणजे एक मेगाबिट. भारतात २००४ च्या धोरणानुसार सेकंदास २५६ किलोबिट वेगाच्या जोडणीस ब्रॉडबँड म्हणत. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. एका पिढीच्या आत गरज किती वाढली, हे या आकड्यांवरून दिसून येते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कंपनी वेग मेगाबिटांत सांगते. संगणक मात्र फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये दाखवितो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदास १२.५ मेगाबाइटच उतरतात. ‘शंभराचे पैसे घेऊन बारा देतात’ ही तक्रार पुष्कळदा या एकाच घोटाळ्यातून उद्भवते.

वेगाला दोन दिशा असतात. बाहेरून घरात येणारा तो डाउनलोड आणि घरातून बाहेर जाणारा तो अपलोड. वरील दुकानातून प्रत्येकी ४ मेगाबाइटची २०० छायाचित्रे पाठवावयाची आहेत असे समजा. एकूण ८०० मेगाबाइट, म्हणजेच ६,४०० मेगाबिट झाले. अपलोडचा वेग ५ मेगाबिट असेल तर या कामास १,२८० सेकंद, म्हणजे एकवीस मिनिटांहून अधिक वेळ लागेल; तो ५० मेगाबिट असेल तर १२८ सेकंद पुरतील. जाहिरातीत बहुधा डाउनलोडचाच आकडा मोठ्या अक्षरांत असतो. ज्या घरातून माल दाखवून विकला जातो किंवा शिकविले जाते, त्या घराने दुसरा आकडा अवश्य विचारावा.

तिसरी गोष्ट म्हणजे विलंब. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. बंगळुरूहून मुंबई सरळ रेषेत सुमारे ८४० किलोमीटर आहे. म्हणून संदेश जाऊन उत्तर परत येण्यास निदान ८.४ सहस्रांश सेकंद लागणारच. प्रत्यक्ष मार्ग वळणाचा असल्याने व वाटेत यंत्रे असल्याने वेळ याहून अधिक लागतो. मोठा प्लॅन घेऊन हे अंतर कमी होत नाही. संभाषणात व वर्गात हा विलंब अल्प आणि स्थिर असणे महत्त्वाचे. तो सतत बदलत राहिला तर आवाज तुटतो.

३. घरापर्यंतचा मार्ग

पूर्वी इंटरनेट दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून येत असे. तांब्याच्या तारेत एक स्वाभाविक उणीव आहे : तारेची लांबी वाढली की संकेत क्षीण होतो, आणि जितकी कंपनसंख्या अधिक तितका तो लवकर क्षीण होतो. त्यामुळे दूरध्वनी केंद्राजवळ सेकंदास २४ मेगाबिटांपर्यंत देऊ शकणारी पद्धती चार-पाच किलोमीटरांवर केवळ काही मेगाबिट देई.

ही अडचण काचेने दूर केली. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंह कपानी यांनी हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठविता येते, हे दाखविले. १९६६ मध्ये चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी असे प्रतिपादन केले की, काच पुरेशी शुद्ध केल्यास तिच्यातून दूरवर संदेश नेता येतील. एक किलोमीटरनंतर शेकडा एक भाग प्रकाश जरी उरला तरी काम भागेल. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने ही मर्यादा ओलांडणारा तंतू तयार केला. काओ यांना २००९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आजच्या उत्तम तंतूत प्रकाश निम्मा होण्यास सुमारे पंधरा किलोमीटर जावे लागते.

तंतूतील प्रकाश बाहेर का पडत नाही? गाभ्याची काच आवरणाच्या काचेपेक्षा किंचित अधिक वक्रीभवनांकाची असते. त्यामुळे सीमेवर तिरकस पडणारा किरण बाहेर न जाता पूर्णपणे आत परावर्तित होतो. परंतु तंतू फार तीव्र वळवला, तर ही अट मोडते आणि प्रकाश गळतो. अरुंद बोळाच्या कोपऱ्यावर ताणून बांधलेला किंवा खिळ्याभोवती मुडपलेला तंतू अशा रीतीने वेग घटवितो अथवा जोडणी तोडतो. घरातील पेटीवर तांबडा दिवा लागणे ही बहुधा प्रकाश पोहोचत नसल्याची खूण होय.

‘फायबर’ हा शब्द ऐकून मात्र समाधान मानू नये. काही ठिकाणी तंतू थेट घरातील पेटीपर्यंत येतो. काही ठिकाणी तो इमारतीपर्यंतच येतो व पुढे तांब्याची केबल असते. २०२३ पासून बंगळुरूसह अनेक शहरांत ५जी मनोऱ्यावरून बिनतारी घरगुती जोडणीही मिळू लागली. जेथे तंतू ओढणे कठीण तेथे ती उपयोगी पडते. परंतु मनोऱ्याची शक्ती सभोवतालच्या सर्व ग्राहकांत वाटली जाते, हे ध्यानात ठेवावे.

४. वाटणीचा नियम

तंतूची जोडणीदेखील एकट्याची नसते. प्रचलित पद्धतीत केंद्रातून निघालेल्या एका तंतूचा प्रकाश विभाजकाद्वारे ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. त्या तंतूची डाउनलोडची एकूण क्षमता सेकंदास सुमारे २,४८८ मेगाबिट असते. बत्तीस घरांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ७८ मेगाबिट येतील. तरीही कंपनी त्यांना १०० किंवा ३०० मेगाबिटांचे प्लॅन विकू शकते, कारण सर्व घरे एकाच क्षणी पूर्ण मागणी क्वचितच करतात. हा व्यवहार लबाडीचा नव्हे. रस्ता, नळ व वीज यांचाही हिशेब असाच असतो. मात्र ग्राहक फार झाले आणि पुढील मार्ग वाढविला गेला नाही, तर रात्री नऊच्या सुमारास वेग घसरतो.

चिकपेटेचेच उदाहरण घ्यावे. जून २०१७ मध्ये येथील भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले. गाडी शेकडो प्रवाशांना काही मिनिटांत आणून सोडते. पण त्यापुढे प्रत्येकाला गर्दीच्या बोळातून पायी जावे लागते. गाडीचा वेग दुप्पट केला तरी बोळातील चाल वाढत नाही. इंटरनेटचेही तसेच आहे : संपूर्ण मार्गाचा वेग त्याच्या सर्वांत अरुंद भागाइतकाच असतो.

५. घरातील अरुंद भाग

हा अरुंद भाग पुष्कळदा घरातच असतो. राऊटरमधून निघणाऱ्या वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. ती भिंतीतून तुलनेने बरी जाते, परंतु या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे मार्ग प्रायः तीनच धरले जातात आणि दाट वस्तीत सर्व शेजाऱ्यांची यंत्रे त्यांवर गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६ सेंटिमीटर. तिचा वेग अधिक, पण जाड भिंत व काँक्रीटचा तक्ता तिला लवकर अडवितात. लोखंडी कपाट, दुकानाचे शटर व मोठा आरसा या वस्तूही लहरींना अडथळा करतात. म्हणून दुकानाच्या गल्ल्याखाली ठेवलेल्या राऊटरकडून दुसऱ्या मजल्यावरील मागच्या खोलीत वेगाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

आणखी एक अडथळा सहज दृष्टीस पडत नाही. घरातील केबलीत तारांच्या चार जोड्या असतात. जुन्या यंत्रात किंवा सदोष केबलीत त्यांपैकी दोनच कामास आल्या, तर वेग १०० मेगाबिटांवर अडतो. मोजल्यास तो ९४-९५ च्या आसपास दिसतो.

६. मोजमापाची रीत

निर्णयापूर्वी पुढील प्रयोग करावा. प्रथम संगणक केबलीने थेट राऊटरला जोडावा, घरातील इतर उपकरणे बंद ठेवावीत, आणि सकाळी, दुपारी व रात्री नऊ वाजता वेग मोजून वहीत लिहावा. असे निदान तीन दिवस करावे. नंतर प्रत्येक खोलीत वाय-फायवरून मोजावे. निष्कर्ष कसा काढावा, हे उदाहरणादाखल घेतलेल्या आकड्यांवरून स्पष्ट होईल.

पहिली स्थिती : प्लॅन १०० चा, केबलीवर नेहमी ९० च्या वर, मागच्या खोलीत वाय-फायवर ९. येथे बाहेरील मार्ग निर्दोष आहे. ३०० चा प्लॅन घेतला तरी मागच्या खोलीत ९ च राहतील. वरच्या मजल्यापर्यंत केबल नेऊन तेथे दुसरे वाय-फाय यंत्र बसविणे, हा खरा उपाय.

दुसरी स्थिती : प्लॅन १०० चा, केबलीवर सकाळी ९४, रात्री २२. दोष वाटणीच्या भागात आहे. वहीतील नोंदी दाखवून कंपनीकडे तक्रार करावी. सुधारणा न झाल्यास कंपनी बदलावी. नवी कंपनी निवडताना जाहिरातीपेक्षा त्याच बोळातील शेजाऱ्याचा रात्रीचा आकडा अधिक विश्वसनीय समजावा.

तिसरी स्थिती : प्लॅन ३०० चा, केबलीवर सर्व वेळी ९४. केबल अथवा यंत्र तपासावे.

चौथी स्थिती : केबलीवर व खोल्यांतही प्लॅनइतका वेग मिळतो, तरी घराची गरज भागत नाही. मोठा प्लॅन घेणे याच एका स्थितीत योग्य ठरते.

७. गरजेचा हिशेब

स्पष्ट चित्राच्या चित्रपटास सुमारे ५ मेगाबिट, अतिस्पष्ट चित्रास १५ ते २५ मेगाबिट आणि चित्रसंभाषणास दोन्ही दिशांनी २ ते ४ मेगाबिट पुरतात. वरील घरात रात्री दोन चित्रपट, एक वर्ग व दुकानाचे काम एकाच वेळी चालले, तरी डाउनलोडची बेरीज तीस मेगाबिटांच्या आतच येते. मोठ्या फाइली व भविष्यातील वाढ धरून १०० मेगाबिट अशा कुटुंबास बहुधा पुरेसे होतात.

किमतीची तुलना करताना १८ टक्के कर मिळवून पाहावे. ७०० रुपयांचा प्लॅन प्रत्यक्षात ८२६ रुपयांस पडतो. मासिक वापराची मर्यादा आहे काय, ती संपल्यावर वेग किती उरतो, अपलोड किती, आणि तंतू घरापर्यंत येतो की इमारतीपर्यंत, हे चार प्रश्न विचारावेत. जुन्या दूरध्वनीस केंद्रातूनच विद्युत्प्रवाह मिळे. काचतंतूतून तो येत नाही. म्हणून वीज गेल्यावरही जोडणी हवी असेल तर लहान बॅटरीची योजना करावी.

सारांश, वेग हा विकत घेण्यापूर्वी मोजावयाचा असतो. ज्या कुटुंबाने अरुंद भाग शोधला, त्याचा वर्ग कदाचित एका केबलीच्या खर्चात सुरळीत होईल. ज्याने शोधला नाही, ते दरमहा अधिक पैसे भरील आणि मुलीचा वर्ग पूर्वीसारखाच तुटत राहील.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १,५०० मेगाबाइटची फाइल ६० मेगाबिट वेगाने उतरण्यास किती सेकंद लागतील? (उत्तर : २००)
२. तंतू तीव्र वळविल्यास प्रकाश का गळतो?
३. एका तंतूवर ६४ घरे असल्यास सर्वांच्या एकाच वेळच्या मागणीत प्रत्येकास किती वेग मिळेल?
४. आपल्या शाळेत किंवा ग्रंथालयात तीन दिवस वेग मोजून नोंदी करा व त्या वरील चारपैकी कोणत्या स्थितीत बसतात ते सांगा.