निरांजनाची ज्योत वाकेल एवढीच फुंकर

परवा तू जिन्यात कठडा धरून थांबलीस आणि मला बघून पदर सावरल्यासारखं केलंस. सहा वर्षांपूर्वी मीही असंच करायचे, म्हणून लगेच कळलं. आपण दोघी एकाच चुलीपुढे राबलो. बिडी कधी हातात धरली नाही, तरी दोघींच्या कागदावर सीओपीडीच लिहून आलं. लोक दमा म्हणतात, म्हणू देत. पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं की हा आजार बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही होतो आणि चुलीचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे. नातीनं मला ते वाचून सांगितलं, तेव्हा मनावरचं ओझं उतरलं. तूही लाजू नकोस.

आता नीट ऐक. आपल्या आजारात हवा आत जाते, पण बाहेर पडताना बारीक नळ्या मिटतात आणि जुनी हवा आतच कोंडून राहते. चालायला लागलं की श्वास भरभर होतो, सोडायला वेळ मिळत नाही, मग आणखी कोंडते. भरल्या हंड्यात नवं पाणी कसं मावेल? धाप लागली की आपण जीव खाऊन हवा ओढतो, तिथंच चुकतं. आधी सोडायची. येणारी आपसूक येते.

नाकानं दोन आकडे मोजत श्वास घे. ओठांचा चंबू कर, बशीतला चहा निववतो तसा, आणि चार आकडे मोजत सोड. ओठ आवळले की आतल्या नळ्यांत थोडा दाब राहतो आणि त्या मिटत नाहीत. फिजिओथेरपीच्या मॅडमनी हे मला पहिल्यांदा करायला लावलं, तेव्हा मी फुंकणी मारल्यासारखी जोरात फुंकले. चाळीस वर्षांची सवय! त्या म्हणाल्या, जोर नको, पोट आवळून ढकलायचंही नाही. घरी येऊन मी देवापुढच्या निरांजनासमोर बसले. ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये. आठवडाभर बसल्या बसल्या तेवढंच केलं. तूही आधी बसूनच कर. धाप लागल्यावर नवं काही शिकता येत नाही.

मग चालणं. दोन पावलं श्वास आत, चार पावलं बाहेर. चार जमत नसतील तर तीन चालतील, फक्त सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं. पहिली पाच मिनिटं अगदी रमतगमत चाल, शेवटची पाचही तशीच. थोडी धाप लागणारच, तिला भिऊ नकोस. मॅडमनी शून्य ते दहाची मोजपट्टी शिकवली: शून्य म्हणजे दम नाही, दहा म्हणजे जीव जातोय. आपण तीन-चारवर राहायचं. एक वाक्य सलग बोलता आलं तर वेग बरोबर; शब्दाशब्दाला थांबावं लागलं तर हळू हो.

जोर लागेल तेव्हा श्वास बाहेर, हे घरातल्या प्रत्येक कामाला लागू आहे. जिन्याखाली उभी राहून श्वास घे, सोडता सोडता दोन पायऱ्या चढ, थांब, पुन्हा घे. मी वाईच्या घाटाच्या पायऱ्या अशाच चढून येते. वेळ लागतो, पण ढोल्या गणपतीचं दर्शन चुकत नाही. कळशी उचलताना, खुर्चीतून उठताना, वाकताना, दर वेळी सोडत सोडत. दात आवळून श्वास रोखायची आपल्या बायकांची खोड फार वाईट, ती मोड. आणि वाळत घालायची दोरी खाली बांधून घे. हात डोक्यावर गेले की श्वासाला मदत करणारे खांद्याचे स्नायू त्या कामात अडकतात, म्हणून साडी वाळत घालताना चालण्यापेक्षा जास्त धाप लागते. अंघोळही स्टुलावर बसून कर.

दम फारच लागला तर आडवी होऊ नकोस. बसून पुढे झुक, कोपरं मांडीवर टेक, खांदे सैल सोड, आणि तीच फुंकर. उभी असशील तर कठड्यावर हात टेकून झुक.

टीव्हीवर बघून मी एकदा भस्त्रिका केली होती. डोळ्यांपुढे अंधारी आली. कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडून धरणं यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नकोस, कोणी कितीही आग्रह केला तरी.

चालण्याआधी पंप घ्यायचा का, किती मिनिटं आधी, हे तुझ्या डॉक्टरांकडून लिहून घे. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायचीच. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मला ८८ च्या खाली गेलं की थांबायला सांगितलंय. तुझा आकडा तू विचार. छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळसर दिसले तर तिथंच थांबून कुणाला तरी हाक मार. बेडका वाढला, हिरवा-पिवळा झाला, ताप आला, तर त्या दिवशी चालणं बंद आणि दवाखाना.

पण धापेच्या भीतीनं बसून राहू नकोस, हे मी हात जोडून सांगते. मी वर्षभर बसले होते. पाय असे हडकले की न्हाणीपर्यंत जाताना दम लागायचा. फुप्फुसं पूर्वीसारखी होत नाहीत, पण पायांत ताकद आली की तेवढ्याच चालण्याला हवा कमी लागते. मॅडमकडे आठ आठवडे गेले, आठवड्यातून तीनदा. तिथल्या तीस मीटरच्या पट्ट्यात सहा मिनिटांत आधी पाच फेऱ्या व्हायच्या, शेवटी नऊ झाल्या.

उद्या धुकं निवळलं, ऊन आलं की ये. पंप पिशवीत ठेव. चपला वाकून घालू नकोस, ओट्यावर बसून घाल. घाटापर्यंत नको, पिंपळापर्यंतच जाऊ. वाटेत मी बोलणार नाही, तूही बोलू नकोस, पावलं मोज.