खरखर आधी ओळखा, मग पाना उचला

स्वस्तातली फ्रेटलेस बास घरी आली आणि तारा खरखरायला लागल्या, की माणूस आधी ब्रिजवरचे स्क्रू फिरवून तारा उंच करतो. खरखर जाते. तिच्याबरोबर वाद्याचा आवाजही जातो, बोटं दुखतात आणि सूर चढे लागतात. मग बास पलंगाखाली जाते, नाहीतर ‘कमी वापरलेली, नव्यासारखी’ म्हणून पुढच्याच्या गळ्यात पडते. माझ्या गळ्यात पडलेली असाच प्रवास करून आली होती.

मूळची ती साधी फ्रेटवाली, फेंडर कंपनीच्या जॅझ बासच्या धर्तीची. आधीच्या मालकाने फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या, उपटले, खाचांत फेव्हिकॉल आणि लाकडाचा भुसा भरला आणि फर्निचर पॉलिशवाल्याकडून वरून मेलामाइनचा हात मारून घेतला. आमच्या उल्हासनगरात हे सुचणं साहजिकच आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरलेल्या सिंधी निर्वासितांनी हे गाव उभं केलं. १९४९ मध्ये त्याला उल्हासनगर नाव मिळालं, आणि इथे काहीही बनवून, जोडून, चकाचक करून मिळतं हा लौकिक त्याच पिढीने कमावला. आमच्या कॅम्प २ मध्ये जरा फिरलं तरी सुतार, वेल्डर, पॉलिशवाला सगळे भेटतात. त्यांच्या हाताला तोड नाही. पण कपाटाच्या दारावर अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा कुणाला दिसत नाही आणि फ्रेटलेसच्या फिंगरबोर्डवर तो तारेला ताबडतोब सापडतो.

फ्रेट उपटण्याचं हे वेड आलं बासवादक जॅको पास्टोरियसपासून. फेंडरने १९७० मध्येच फ्रेटलेस प्रिसिजन बास बाजारात आणली होती, पण जॅकोने आपल्या फ्रेट काढलेल्या १९६२ च्या जॅझ बासवर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवलं, आणि १९७६ मध्ये त्याच्या नावाचा अल्बम आल्यावर जगभरचे बासवाले पक्कड घेऊन बसले. लोकांनी त्याची पक्कड उचलली, इपॉक्सी विसरले. ते जाड आणि कठीण असतं. मेलामाइनचा थर पातळ; राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत) तारा त्याला थोड्याच दिवसांत चरे पाडतात.

आता मुख्य गोष्ट. फ्रेटलेसमध्ये थोडी खरखर असायलाच हवी. मिरजेचे तंबोरे बनवणारे कारागीर जवारी काढतात म्हणजे काय करतात? घोडीचा माथा इतक्या बारीक उताराने घासतात की थरथरणारी तार त्याला हलकेच स्पर्श करत राहते आणि त्यातून तो भरलेला, झंकारणारा नाद निघतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यामागे हेच कसब आहे. फ्रेटलेसवर बोटापुढचं लाकूड तेच काम करतं. तार बोटापासून निघताना लाकडाला अगदी निसटती घासते आणि सूर ‘म्वाँ’ असा उमलतो. ही खरखर घालवलीत तर हातात फक्त वाजवायला अवघड बास उरली. मारायची आहे ती दुसरी खरखर: एकाच जागी येणारी, कोरडी, सूर अर्ध्यात तोडणारी.

दोन्ही ओळखायला अँप लावा. खोलीत नुसती बास वाजवताना ऐकू येणारा बराचसा खडखडाट अँपमधून येतच नाही, त्याच्यामागे लागू नका. मग चारही तारांवर प्रत्येक सूर सावकाश वाजवत जा आणि सूर मरतो तिथे पेन्सिलीने बारीक खूण करा. बोट फ्रेटच्या रेषेच्या मागे नको, नेमकं तिच्यावर हवं. फ्रेटवाल्या गिटारची सवय असलेले इथेच फसतात. बोट ढिलं असलं तरी तार खरखरते, तेव्हा वाद्याला दोष देण्याआधी घट्ट दाबून पाहा. माझ्या बासवर ई तारेवरच्या खुणा सगळ्या बॉडीकडच्या अर्ध्यात जमल्या. नटजवळ, म्हणजे खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीजवळ, खरखर नव्हतीच, उलट तिथे तार दाबायलाच जोर लागत होता. एवढ्यावरून निम्मं निदान झालं: दांडी पुढे वाकलेली आणि नट उंच. खुणा नटाच्या बाजूला जमल्या असत्या तर दांडी फार सरळ किंवा उलटी वाकलेली समजायची.

दांडी पुढे का वाकते? फ्रेटची पाती खाचांत घट्ट ठोकलेली असतात, ती तारांची ओढ अडवून धरतात. ती काढून मऊ भुसा भरला की दांडीचा आधार गेला. वाक मोजायला महागडं हत्यार लागत नाही. मोटरसायकलचे मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतात ते फिलर गेज स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. वाद्य सुरात लावा, मांडीवर वाजवताना धरतो तसं धरा. पहिल्या फ्रेटच्या रेषेवर आणि दांडी बॉडीला मिळते तिथे तार दाबा, आणि सातव्या-आठव्या रेषेजवळ तार व लाकूड यांतली फट पाहा. फ्रेटलेसला ०.२ ते ०.३ मिलिमीटर पुरे. माझ्या बासवर गेजची पानं एकावर एक ठेवावी लागली.

वाक काढायला दांडीच्या आतला ट्रस रॉड फिरवायचा, एका वेळी पाव फेरा. घट्ट केला की दांडी सरळ होते, सैल केला की वाकते. पाव फेरा द्या, तारा पुन्हा सुरात लावा, रात्रभर राहू द्या, सकाळी परत मोजा. ॲलन की नेमक्या मापाचीच घ्या. जवळपासच्या मापाची घातली की रॉडच्या नटाचे कोपरे झिजतात, आणि मग तो रॉड कुणाच्या बापाला फिरत नाही. रॉडचा नट अडला तर जोर करू नका. एका ओळखीच्या दुकानात ‘एकदाच कसून देतो’ म्हणत होते; मी बास परत पिशवीत घातली.

वाक ताळ्यावर आल्यावरच तारांच्या नटाकडे जायचं. फ्रेट साधारण एक मिलिमीटर उंच असतो. तो काढला, नट तसाच ठेवला, की नटाजवळची तार हवेत लटकते. बारीक गोल कानशीने खाच थोडी थोडी उतरवा, उतार खुंट्यांच्या बाजूला ठेवा, आणि मोकळी तार लाकडापासून साधारण ०.४ मिलिमीटरवर आली की थांबा. जास्त उतरलीच तर मोकळी तार करकरते. खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा, वर फेविक्विकचा थेंब; क्षणात दगड होतो, पुन्हा कानस चालवा. वाफेपासून डोळे जपा.

ब्रिजवरचे सॅडल शेवटी. फिंगरबोर्डच्या टोकाला ई तार २.५ आणि जी तार २ मिलिमीटरच्या आसपास असली की सुरुवातीला बरं. सॅडल पार तळाला टेकले तरी तार उंचच राहिली, तर तारा सैल करून दांडीचे बोल्ट काढा आणि खोबणीत ब्रिजच्या बाजूला व्हिनीअरची पट्टी घाला. माझं काम त्यानेच झालं. सॅडलचा एखादा बारीक स्क्रू हवेत राहिला असेल तर तोही करकरतो, तो आधी टेकवा.

हे सगळं होऊनही ज्या जागा उरतात त्या फिंगरबोर्डच्या. मिस्त्रीकडे नेली तर त्याचा हात लगेच पॉलिश पेपरकडे गेला. “थोडा घिस दूँ क्या?” नको म्हटलं. बोर्डला गोलाई असते. हातात कागद घेऊन घासला की कडा उतरतात आणि मधे नवे खळगे पडतात. पण त्याच्याकडून एक मोलाची गोष्ट मिळाली, व्हिनीअरच्या कातरणी. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं व्हिनीअर फ्रेटच्या खाचेत जवळजवळ नेमकं बसतं. भुसा कोरून काढला, पट्ट्या बसवल्या, पातळ ग्लू सोडला, वाळल्यावर धारदार पात्याने लाकडाच्या पातळीला आणल्या. त्यानंतर वाकाचं माप पुन्हा घ्यावं लागलं, कारण दांडीत ताठरपणा परत आला होता. उरलेले उंचवटे गोलाईच्या ठोकळ्यावर कागद लावून लांबीच्या दिशेने काढायचे. तेवढ्यासाठी मुंबईतल्या गिटार दुरुस्त करणाऱ्याला पैसे देणं शहाणपणाचं.

तारा फ्लॅटवाउंडच लावा. महाग आहेत, पण बोर्ड खात नाहीत.

पावसाळ्यात दांडीचा वाक बदलतो; उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्यातल्या दमट हवेत तर हमखास. जूनअखेरीला आणि थंडी सुरू झाल्यावर फिलर गेज काढा. बास ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

भुणभुण मात्र वेगळी. ती तारांची नाही, विजेची. तारांना हात लावला की कमी होत असेल तर शील्डिंग कमी आहे. जॅझ बासचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले तरी बरीच कमी होते. पण तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर वाजवणं तिथेच थांबवा. जुन्या इमारतींत बऱ्याचदा अर्थिंग नसतं आणि मंडपातल्या एक्स्टेन्शन बोर्डाची अर्थिंगची पिन कुणीतरी कापलेली असते. यात जीव जातो.

जुनी फ्रेटलेस घ्यायला जाल तेव्हा ॲलन की आणि फिलर गेज खिशात ठेवा आणि मालकासमोर ट्रस रॉड पाव फेरा फिरवून पाहा. रॉड आधीच शेवटाला गेलेला असेल आणि दांडी तरीही वाकलेली असेल, तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.