तिकीट-संग्रह : सुरुवात घरातल्या जुन्या पेटीपासून



सुट्टीत मुलांनी काय करावे, हा प्रश्न पालक-सभेत दर वर्षी निघतो. या वेळी आम्ही एक जुनाच छंद सुचवू इच्छितो : पोस्टाची तिकिटे जमविणे. "आता पत्रे येतात कुठे?" असे कोणी म्हणेल. खरे आहे, आणि म्हणूनच हे काम आत्ताच करायला हवे. इंदूरच्या आपल्या मराठी घरांत पुणे, सातारा, नागपूरहून आलेली जुनी पत्रे अजून माळ्यावर, पेट्यांत पडून आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत जातात. एकदा गेली की गेली.

तिकिटे काय शिकवितात?

जगातले पहिले चिकटवायचे तिकीट, 'पेनी ब्लॅक', इंग्लंडमध्ये मे १८४० मध्ये निघाले. आपल्याकडे १८५२ साली सिंध प्रांतात 'सिंध डाक' तिकिटे आली. मुलांना नवल वाटेल, पण आपल्या इंदूरचेही स्वतःचे तिकीट होते! होळकर संस्थानाने १८८६ साली महाराज तुकोजीराव (दुसरे) यांचे चित्र असलेले अर्ध्या आण्याचे तिकीट काढले. ते संस्थानच्या हद्दीतच चाले. शेजारच्या ग्वाल्हेरचा इंग्रजांशी टपालाचा करार होता. म्हणून तेथे १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर संस्थानाचे नाव इंग्रजी व नागरी अक्षरांत छापीत, आणि ती तिकिटे संस्थानाबाहेरही चालत. दोन शेजारी संस्थानांतला हा फरक तिकीट हाती घेतले की कायमचा लक्षात राहतो.

स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चे. त्यावर तिरंगा आणि 'जय हिंद', किंमत साडेतीन आणे. १९५८ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या शंभरीनिमित्त तिकीट निघाले. भारतीय तिकिटावर हयात असताना झळकलेले ते पहिले भारतीय. लोकमान्य टिळक (१९५६), छत्रपती शिवाजी महाराज (१९६१), दादासाहेब फाळके (१९७१), देवी अहिल्याबाई (१९९६) : एवढ्यांनीच अल्बमचे एक सुंदर पान भरेल.

संग्रह कसा करावा?

१. आजी-आजोबांची परवानगी घेतल्याशिवाय पत्रांना हात लावू नये.

२. शिक्का स्पष्ट असेल तर पाकीट किंवा कार्ड तसेच जपावे. पत्र कुठून व कधी निघाले, हे शिक्काच सांगतो.

३. तिकीट ओढून काढू नये. भोवतीचा कागद ठेवून कापावे, साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवावे, आपोआप सुटू द्यावे. मग टीपकागदावर पालथे घालून सावलीत वाळवावे. अलीकडची स्टिकरसारखी तिकिटे पाण्याने सहसा सुटत नाहीत. ती कागदासकटच ठेवावीत.

४. तिकीट चिमट्याने उचलावे. डिंकाने कधीही चिकटवू नये.

५. प्रत्येक तिकिटाखाली दोन-चार ओळी मराठीत लिहाव्यात : कोणाचे पत्र, कोणाला, कोणत्या गावाहून.

ही पाचवी गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. आपली पुष्कळ मुले मराठी बोलतात, पण आजोबांचे हस्ताक्षर त्यांना वाचता येत नाही. तिकिटाच्या निमित्ताने एक जरी पत्र नातवाने आजीजवळ बसून वाचले, तरी कुटुंब महाराष्ट्रातून इकडे केव्हा आणि कसे आले, हे त्याला घरातच कळेल. असा धडा आम्ही वर्गात देऊ शकत नाही.

डाक विभागाने सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१७ साली 'दीनदयाळ स्पर्श' ही तिकीट-संग्रहाची शिष्यवृत्ती सुरू केली. शाळेत फिलाटेली क्लब असणे त्यासाठी उपयोगी पडते. तो स्थापन करण्यास विश्वस्त मंडळींनी एक कपाट व थोडे अल्बम द्यावेत, ही विनंती.

पालकांना एवढेच सांगणे, की यंदा रद्दी देण्यापूर्वी पेटी एकदा मुलांसमोर उघडा.