शेततळ्यातील शेवाळाचा बंदोबस्त

पूर्णा व केळना नद्यांच्या संगमावरील जाफराबादच्या परिसरात पावसाचा भरवसा थोडा. उन्हाळ्यात फळबागेस शेततळ्याचाच आधार असतो. या पाण्यात शेवाळ माजल्यास ठिबक संचाची छिद्रे बुजतात व तळ्यातील मासे धोक्यात येतात.

कारणे : शेवाळाच्या वाढीस सूर्यप्रकाश, नत्र व स्फुरद लागतात. पावसाबरोबर शेणखत व रासायनिक खते तळ्यात वाहून आली की शेवाळ झपाट्याने फोफावते. पाणवनस्पतींच्या पानांवर त्याचा थर बसून त्यांचा प्रकाश तुटतो. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, परंतु रात्री तोच शोषून घेते. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागी येऊन तोंड उघडू लागल्यास तो धोक्याचा इशारा समजावा.

उपाय :
(१) तंतुमय शेवाळ जाळीने ओढून काढावे. ते काठावर न टाकता दूर खड्ड्यात कुजवावे. अन्यथा त्यातील अन्नद्रव्ये पुन्हा पाण्यात उतरतात.
(२) उकिरडा तळ्यापासून दूर ठेवावा. येणारे पाणी गाळ साठविणाऱ्या खड्ड्यातून व गवताच्या पट्ट्यातून घ्यावे.
(३) शक्य तेथे तळ्यावर सावलीची जाळी पसरावी. तिने बाष्पीभवनही घटते.
(४) पंपाचे शोषण-तोंड तरंगत्या पिंपास बांधून पृष्ठभागाखाली, परंतु तळाच्या गाळापासून वर ठेवावे. वाळूची गाळणी उलट्या प्रवाहाने नियमित धुवावी.

मोरचूद : हा अखेरचा उपाय होय. मृदू पाण्यात तो माशांस मारक ठरतो. मेंढ्यांनाही तांबे बाधते. शिवाय सर्व शेवाळ एकदम मेल्यास ते कुजताना प्राणवायू संपतो. म्हणून पाण्याचे परीक्षण करून, खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्राच्या सल्ल्यानेच मात्रा ठरवावी व एका वेळी तळ्याच्या एक-तृतीयांश भागातच वापरावी.

मात्रा काढताना बाजूंचा उतार विसरू नये. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळ्याचा गुणाकार २,७०० घनमीटर येतो. परंतु १:१ उतार असल्यास त्यात सुमारे २,२०० घनमीटरच पाणी मावते. पहिला आकडा धरल्यास औषध जवळजवळ पाव हिश्श्याने अधिक पडते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच तळ्यांची पाहणी करून येणाऱ्या पाण्याची वाट स्वच्छ करवून घ्यावी. खत तळ्यात येण्याचे थांबले नाही, तर काढलेले शेवाळ पुन्हा माजते.