स्वभावाचे दहा टक्के : पोकेमॉन वाढवणाऱ्यांसाठी अनुभवाचे बोल

पोकेमॉन या जपानी खेळमालेत प्राणी पकडणे, वाढवणे आणि झुंजवणे अशी तीन कामे असली, तरी नवख्या खेळाडूची फसगत बहुधा पहिल्याच कामात होते. कारण हाती आलेल्या प्राण्याचा स्वभाव, म्हणजे खेळाडूंच्या बोलीतले ‘नेचर’, पाहण्याची तसदी तो घेत नाही आणि ही चूक त्याच्या लक्षात येते ती प्राणी पूर्ण वाढल्यानंतर. स्वभावाची ही योजना २००२ साली जपानमध्ये निघालेल्या रुबी आणि सफायर या आवृत्त्यांपासून सुरू झाली. प्रत्येक प्राण्याच्या अंगी जीवशक्ती, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग असे सहा गुण आकड्यांत मोजलेले असतात. स्वभाव एकूण २५ असून त्यांपैकी २० स्वभाव एक गुण दहा टक्क्यांनी वाढवतात आणि दुसरा दहा टक्क्यांनी घटवतात, तर उरलेले पाच निष्पक्ष असल्याने काहीच बदलत नाहीत. जीवशक्तीला मात्र कोणताही स्वभाव हात लावत नाही.

हा फरक सुरुवातीला दिसत नाही, आणि फसगतीचे मूळ तेथेच आहे. स्वभावाचा गुणाकार सर्व हिशेब झाल्यावर अगदी शेवटी होतो आणि अपूर्णांक सोडून दिला जातो. त्यामुळे पाचव्या पातळीवरील प्राण्याचा एखादा गुण ९ असेल, तर दहा टक्के वाढूनही तो ९.९ ऐवजी ९ च राहतो. प्राणी वाढत जातो तसे हेच दहा टक्के उघडे पडतात. गारचॉम्प या प्राण्याचे उदाहरण घेतल्यास, जन्मजात गुण (आयव्ही) आणि सरावाने कमावलेले गुण (ईव्ही) पूर्ण असताना पन्नासाव्या पातळीवर त्याचा हल्ला १८२ आणि वेग १५४ भरतो. ‘अ‍ॅडमंट’ स्वभावाने हल्ला २०० होतो, तर ‘जॉली’ स्वभावाने वेग १६९ होतो, आणि दोन्ही स्वभाव ज्या विशेष हल्ल्यातून कपात करतात तो गारचॉम्प सहसा वापरतच नसल्याने तोटा केवळ कागदावर राहतो. आता समोर पूर्ण वेगाने वाढवलेला ‘टिमिड’ या वेग वाढवणाऱ्या स्वभावाचा चॅरिझार्ड हा प्राणी असला, तर त्याचा वेग १६७ असतो. म्हणजे जॉली गारचॉम्प दोन गुणांच्या फरकाने आधी वार करतो, पण अ‍ॅडमंट गारचॉम्पला जास्त ताकद असूनही आधी मार खावा लागतो.

यावरून स्वभाव चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा ठरतो, कारण प्राण्याकडून कोणते काम घ्यायचे हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही. माणदेशात खिल्लार बैल पारखणारा शेतकरीही औताला आणि शर्यतीला एकाच स्वभावाचा बैल मागत नाही. विशेष हल्ल्यावर भिस्त असलेल्या प्राण्याला ‘मॉडेस्ट’ किंवा ‘टिमिड’ स्वभाव मानवतो. त्यांत साधा हल्ला घटतो आणि ती घट उपयोगाचीच असते, कारण गोंधळलेला प्राणी स्वतःला करून घेतो ती इजा आणि ‘फाउल प्ले’ नावाच्या डावाने होणारी इजा या दोन्ही त्या प्राण्याच्या स्वतःच्या हल्ल्यावर मोजल्या जातात. दोन्ही प्रकारचे हल्ले वापरणाऱ्या प्राण्यासाठी मात्र विशेष बचावातून कपात करणारा ‘नाईव्ह’ किंवा बचावातून कपात करणारा ‘हेस्टी’ यांसारखा स्वभाव निवडावा लागतो. ‘ट्रिक रूम’ या डावात तर वेगाचा क्रम उलटतो आणि सर्वांत मंद प्राणी आधी खेळतो; म्हणून टॉर्कोलसारख्या मुळातच संथ प्राण्याला वेग घटवणारा ‘क्वाएट’ स्वभाव मुद्दाम दिला जातो.

चुकलेला स्वभाव दुरुस्त करण्याची सोय २०१९ च्या सोर्ड आणि शील्ड या आवृत्त्यांत ‘मिंट’ नावाच्या वनस्पतीच्या रूपाने आली. तरीही येथे एक मेख आहे. मिंट दिल्यावर आकडे नव्या स्वभावाप्रमाणे बदलतात, पण स्वभावाचे नाव जुनेच राहते आणि अंड्यातून पुढच्या पिढीत जातो तोही जुनाच स्वभाव. ‘एव्हरस्टोन’ हा दगड आईबापांपैकी एकाजवळ ठेवून स्वभाव हमखास उतरवता येतो. परंतु ज्या प्राण्याला मिंट देऊन सुधारले आहे त्याच्याकडूनच पिल्ले घेतल्यास दगडानिशी केलेला सगळा खटाटोप वाया जातो.

लहान गावात, जेथे मुख्य माला ज्यावर खेळतात ते निन्टेंडोचे उपकरण सहज मिळत नाही आणि खेळ म्हणजे मोबाइल हेच समीकरण आहे, तेथे आणखी एका गैरसमजापासून सावध राहणे आवश्यक आहे. डिसेंबर २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे आलेल्या पोकेमॉन गो या मोबाइलवरील खेळात स्वभाव ही गोष्टच नाही. तेथे हल्ला, बचाव आणि जीवशक्ती यांना शून्य ते पंधरा असे जन्मजात गुण असतात आणि पारख करायची ती त्यांचीच. त्यामुळे मुख्य मालेसाठी लिहिलेले स्वभावाचे तक्ते पाठ करून मोबाइलवर अ‍ॅडमंट प्राणी शोधत बसणारा खेळाडू निष्कारण वेळ दवडतो. गोमधील प्राणी पोकेमॉन होम या साठवणीत पाठवला, की तेथे त्याला स्वभाव मिळतो, पण तो यदृच्छेने. मनाजोगता मिळेल अशी खात्री नसते.

जाणत्या खेळाडूंच्या अनुभवाचे सार असे सांगता येते, की केवळ कथानक पूर्ण करणाऱ्याने स्वभावापायी आवडता प्राणी सोडू नये, कारण तेथे काही पातळ्या अधिक वाढवल्या की दहा टक्क्यांची कसर भरून निघते. स्पर्धेत उतरणाऱ्याने मात्र आधी काम ठरवावे, मग ज्यांच्याशी गाठ पडणार त्यांच्या वेगाचे आकडे पाहावेत, त्यानंतर स्वभाव निवडावा आणि सरावाचे गुण सर्वांत शेवटी घालावेत. हा क्रम उलटा धरणाऱ्याला मिंटचा खर्च तर पडतोच, शिवाय भलत्या गुणावर घातलेला सरावही मोडून नव्याने करावा लागतो.