सायबर सुरक्षा : देशोदेशींच्या संशोधनाची गरज

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर दरोडा पडला. व्यवहारांना मंजुरी देणारी खोटी यंत्रणा उभी करून, बनावट कार्डांद्वारे काही तासांतच २८ देशांतील एटीएममधून रकमा काढल्या गेल्या. एकूण हानी सुमारे ९४ कोटी रुपयांची होती.

अशा प्रसंगी कृत्रिम बुद्धिमत्ता उपयुक्त ठरू शकते. नेहमीच्या व्यवहारांची रीत शिकलेले यंत्र वेगळा व्यवहार त्वरित हेरते. मात्र एकाच देशातील नोंदींवर शिकलेल्या यंत्रास परकी टोळ्यांच्या नव्या क्लृप्त्या ओळखणे अवघड जाते. म्हणून ग्राहकांची गोपनीयता राखून, हल्ल्यांच्या खुणा संशोधकांनी देशोदेशी परस्परांस कळविणे अगत्याचे आहे.

पुण्यातील 'सी-डॅक'चा 'परम सिद्धी-एआय' महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा होता. अशा सामर्थ्याला सामायिक अनुभवाची जोड मिळाली, तरच ठेवीदारांचा पैसा अधिक सुरक्षित राहील.